सांगलीतली अभ्यासिका आणि माझी कादंबरी : एक लांबलचक रिव्ह्यू

आधीच सांगतो, अभ्यासिकेचं नाव टाकणार नाहीये. एक तर मी तिच्या वायफायला आणि खुर्च्यांना नावं ठेवणार आहे आणि मालक मामा माणूस म्हणून चांगला आहे, आणि दुसरं म्हणजे तिथं आधीच सीट मिळत नाही, अजून चार लेखक येऊन बसले तर माझीच पंचाईत. तसंही विश्रामबागला शंभर फुटी रोडच्या आतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, थोड्या थोड्या अंतरावर एक अभ्यासिका दिसेल, खाली झेरॉक्सवाला नाहीतर चहाचा गाडा, शेजारनं अरुंद जिना, जिन्यात पोलीस भरती आणि तलाठीच्या बॅचचे फ्लेक्स आणि वर चपलांचा ढीग. त्यामुळं मी लिहितोय ते कमी-जास्त फरकानं सगळ्यांनाच लागू होईल.

हा रिव्ह्यू परीक्षा देणाऱ्यांसाठी नाही, त्यांना अभ्यासिका कशी निवडायची ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. हा माझ्यासारख्यांसाठी आहे, म्हणजे नोकरी करून फावल्या वेळात काहीतरी मोठं लिहायचा नाद आहे, घरी पीसी आहे, पीसीवर स्टीम (गेम विकत घ्यायचं ऑनलाईन दुकान) आहे आणि स्टीमच्या प्रत्येक सेलला "रुपयात एवढं स्वस्त परत मिळायचं नाही" म्हणून घेतलेल्या आणि कधीच न उघडलेल्या गेमची लायब्ररी आहे, असे लोक. आमच्या घरात लिहायचं टेबल आणि गेमिंगचं टेबल एकच. चौथं प्रकरण अडलं की म्हणायचं चला अर्धा तास खेळू, डोकं जरा मोकळं होईल, आणि मग एकदम कुकरच्या शिट्टीनंच भानावर यायचं. त्यात डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमवाल्यांच्या गप्पांच्या ॲपवर, आमचा ग्रुप, एक मिरजेत, दोघं पुण्यात, एक कॅनडात, म्हणजे दिवसाच्या कुठल्याही वेळेला कुणीतरी जागं असतंच आणि कुणीतरी "एक मॅच?" असं विचारतंच.

कॅफेत बसून लिहितात म्हणे पुण्या-मुंबईकडं. सांगलीत मी ते करून बघितलंय. गाणी मोठ्यानं लावलेली असतात, शेजारच्या टेबलावर कुणाचातरी बड्डे असतो, आणि दर तासाला काहीतरी मागवलं नाही तर वेटर टेबल पुसायला येतो, पुसलेलंच टेबल परत पुसतो. त्या हिशोबात महिन्याभराची कोल्ड कॉफी अभ्यासिकेच्या फीपेक्षा महाग पडते हो.

फीचंच सांगतो. नॉन एसी ८००, एसी १२००, लॉकर १०० वेगळे, डिपॉझिट ५००. सकाळी सहा ते रात्री अकरा, परीक्षा जवळ आली की रात्रभर उघडी. प्लायचे कप्पे केलेत, प्रत्येकात एक ट्यूब, एक प्लग पॉईंट, पुढं थोडीशी फळी. प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, "कोणत्या परीक्षेची तयारी". मी तिथं "इतर" लिहिलं. मामांनी चष्मा वर करून बघितलं.

"इतर म्हंजे? बँकिंग?"

"नाही मामा, कादंबरी लिहितोय."

"हितं बसून?"

"हो."

"मग लिवा की. आवाज करू नका म्हंजे झालं." मग पावती फाडताना परत थांबले. "आमच्यात एक पोरगा सीए करत सात वर्षं बसला हुता. तुमचं किती चालंल?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण फॉर्मवर "इतर" लिहिलेला मी तिथला एकटाच आहे ही गोष्ट मामांनी सगळ्यांना सांगितली असणार, कारण दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या पोरानं विचारलं, दादा तुम्ही लेखक का? आणि मी काही बोलायच्या आत त्यानं मला प्रश्न टाकला, अठ्ठ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण. मी म्हटलं तारा भवाळकर, आपल्या सांगलीच्याच. "बरोबर. ठिकाण? दिल्ली. फेब्रुवारी २०२५. आणि मराठीला अभिजात दर्जा?" ३ ऑक्टोबर २०२४, हे त्यानंच सांगून टाकलं. या पोरांना साहित्यातलं सगळं पाठ असतं, अध्यक्ष, ठिकाण, साल, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक केलं ते १८४३, सगळं तोंडावर, आणि त्यातल्या कुणाचं काही वाचलंयस का विचारलं की हसतात. मला राग येत नाही त्याचा. वेळ कुठं आहे त्यांना.

आता मुद्द्याचं, सामान काय न्यायचं. गेमिंग लॅपटॉप घेऊन जाऊ नका. मी पहिल्या दिवशी तोच नेला होता कारण घरात दुसरा नव्हता, २३० वॅटचा चार्जर, म्हणजे पिशवीत वीटच की. तो लावला तर मामा जिन्यातनं वर आले. नियम असा आहे की एका पॉईंटवर मोबाईल नाहीतर साधा लॅपटॉप, कारण लाईट गेली की अख्खा हॉल एका इन्व्हर्टरवर येतो आणि असे दोन-तीन चार्जर लागले की इन्व्हर्टर बसतो. बरं चार्जर काढला तरी दुसरी भानगड म्हणजे पंखे. वर्ड फाईल उघडल्यावर एवढा आवाज यायचं खरं तर कारण नाही, पण पाठीमागं ब्राउझरचे पंचवीस टॅब, लाँचरचं अपडेट, आरजीबीचं म्हणजे रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर, असलं सगळं चालू असतं आणि मग शांत हॉलमध्ये तो घरघर करायला लागतो आणि तीस डोकी एकदम वळून बघतात. ज्यांच्याकडं दुसरा पर्यायच नाही त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स कार्ड बंद करून सायलेंट मोडला टाका, कीबोर्डचे दिवे घालवा आणि घरनं फुल चार्ज करून न्या, तरी दोन-तीन तासांच्या वर काही टिकत नाही. मी शेवटी स्टेशन रोडवरनं एक जुना रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला, ऑफिसातनं निघालेला, कोपरे घासलेले, त्याच्यावर सॉलिटेअरसुद्धा अडखळतो. कादंबरीसाठी मी केलेला सगळ्यात चांगला खर्च आहे तो.

कीबोर्डचा विषय वेगळा आहे आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तर पुढं जा. मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो तो) ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत आहे, ब्लू स्विच प्रत्येक बटणाला टिक्क वाजतो, ब्राऊनला बोटाला नुसती अडखळ लागते, रेड सरळ खाली जातो. घरी मला ब्लूची सवय. आणि मी टाईप करतो इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, क वर शिफ्ट दाबला की ख, ल वर दाबला की ळ, स वर दाबला की श, असं सगळं. एकदा हात बसला की त्याच्याइतकं वेगवान काही नाही, पण जोडाक्षरं आणि शिफ्ट धरून बटणं बडवायचं प्रमाण बघता अभ्यासिकेत ब्लू स्विच म्हणजे भांडणाला आमंत्रण. मी नेलाच नाही. पण पलीकडच्या ओळीत एक जण टायपिंगच्या परीक्षेची प्रॅक्टिस करायला असला कीबोर्ड घेऊन आलेला, त्याला पोरांनी संध्याकाळच्या आत गच्चीवर पाठवला. रेडसुद्धा नको, तळाला आपटला की वाजतोच. सरळ साधा रबरवाला घ्या, चार-पाचशे रुपयात येतो, आणि फळीवर खाली जुना नॅपकिन टाका.

इनस्क्रिप्ट येत नसेल तर विंडोजमध्ये आता मराठी फोनेटिक पण असतं, ते पण चालतं. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. "दुसऱ्या", "साऱ्या", "वाऱ्यावर" यातला तो अर्धा र दोन पद्धतीनं टाईप होतो, डोळ्याला अगदी सारखाच दिसतो पण आतनं वेगळा असतो, एकात नुक्तावाला ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. अर्धी कादंबरी घरी आणि अर्धी मोबाईलवर लिहिली की फाईलमध्ये दोन्ही येतात आणि मग फाईंड-रिप्लेसला निम्मी सापडतच नाहीत. माझ्या कादंबरीतलं एक पात्र आहे "कोऱ्या", त्याचं नाव मी मध्येच बदललं, आणि तो जुन्या नावानं अधूनमधून अजून भेटतो. खालच्या झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढायला गेलो तेव्हा तर तिसरीच तऱ्हा, त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्टच नव्हता, वेलांट्या एकीकडं आणि अक्षरं एकीकडं. पीडीएफ करून न्या. नेहमी पीडीएफ. आणि प्रिंट पाठपोट सांगा, नाहीतर एका बाजूनं काढून कागद दुप्पट लावतो.

वायफाय. बोर्डावर लिहिलंय हाय स्पीड. पासवर्ड बदलला की मामा तो कागदावर लिहून पाण्याच्या कूलरवर चिकटवतात, पण स्पीड प्रत्येकाला थोडं थोडं वाटून दिलेलं आहे, लेक्चरचा व्हिडिओ मध्यम क्वालिटीला चालावा एवढंच. परीक्षेवाल्यांची त्यावरनं रोज कुरकुर असते आणि ती बरोबरही आहे, बाराशे रुपये घेऊन एवढं तर द्यायला पाहिजे. पण मला विचाराल तर मी ज्याचे पैसे भरतो ते हेच. आजकालच्या मोठ्या गेमचं एक अपडेट तीस-चाळीस जीबीचं असतं. या वायफायवर ते सुरू केलं तर पुढच्या महिन्याची फी भरायची वेळ येईल. गेमचा ट्रेलरसुद्धा अडकत अडकत बघावा लागतो, सेल लागला तरी पान उघडेपर्यंत इच्छा मरते. आणि समजा आणलाच हॉटस्पॉट आणि उघडलाच एखादा गेम, तर पाठीमागं आठ वर्षं पीएसआयची तयारी करणारा माणूस बसलेला आहे. त्याच्यापुढं स्क्रीनवर शेतात गाजरं लावत बसायला जीभ नाही, बोटं धजत नाहीत. घरी मला कुणी काही बोलत नाही तरी मी लिहीत नाही, इथंही कुणी काही बोलत नाही आणि मी लिहितो, आता यात काय ते समजून घ्या.

माझ्या कप्प्याच्या प्लायवर आधीच्या लोकांनी पेननं लिहून ठेवलंय. "कटऑफ १४२", त्याच्यावर काट मारून "१३८", एका कोपऱ्यात कुणाच्यातरी गावचा एसटीचा टाईम, तासगाव ५.४०, आणि खाली बारीक अक्षरात "आप्पांना फोन करणे". हे शेवटचं मी कादंबरीत उचललं, सांगून ठेवतो.

लिहायच्या सवयीचं थोडं. आमचा डिस्कॉर्डचा ग्रुप दर नोव्हेंबरला नॅनोरायमो हे महिन्यात ५०,००० शब्दांचं आव्हान घेतो. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेलं, रोजचे १,६६७ शब्द पडतात. ते चालवणाऱ्या संस्थेनं मार्च २०२५ मध्ये गाशा गुंडाळला, पण आव्हान घ्यायला संस्था कशाला लागते, आम्ही आपलं चालूच ठेवलंय. फक्त मराठीत लिहिणाऱ्यानं इंग्रजीवाल्यांच्या आकड्याशी बरोबरी करायला जाऊ नये, आपल्याकडं "घरासमोरच्या" हा एक शब्द मोजला जातो, तिकडं त्याचे चार-पाच होतात. मी आमच्या ग्रुपात भांडून मराठीवाल्यांसाठी ३५,००० करून घेतलेत. अभ्यासिकेतनं व्हॉइस चॅट अर्थातच नाही, पण टेक्स्टवर "सुरू" असं टाकून पंचवीस मिनिटं लिहायचं आणि मग आकडा टाकायचा एवढं त्या वायफायवर मजेत चालतं. कॅनडावाला पहाटेचा उठून येतो त्यासाठी, बिचारा.

तोटा सांगायचा तर सगळ्यात मोठा हा, की तिथं तोंड उघडता येत नाही. संवाद लिहिताना मला ते म्हणून बघावे लागतात. माझी कादंबरी मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत सुरू होते, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात, ते वाळवून कापायचे, त्यावर तबकडी बसवायची, असल्या घरातला एक पोरगा रात्री गेम खेळत असतो आणि त्याला हेडफोनमधनं न लावलेल्या तंबोऱ्याचा आवाज येतो. (सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा अभ्यासिकेतल्या पोरांनी ते पण चालू घडामोडीत पाठ केलं, मला माझ्याच कादंबरीवर प्रश्न आले.) तर त्या घरातला म्हातारा मिरजेचं बोलतो, आणि मिरजेचं बोलणं मोठ्यानं म्हटल्याशिवाय खरं वाटत नाही. गुगल डॉक्समध्ये बोलून मराठी टाईप होतं, चांगलं होतं, पण इथं त्याचा उपयोग शून्य. मग दोन पानं झाली की मी गच्चीवर जातो.

गच्ची हा त्या अभ्यासिकेचा खरा सर्वोत्तम भाग आहे आणि फीमध्ये तो धरलेलाच नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीला पोरं ब्रेकला बसतात, एकाच्या हातात भडंगाची पुडी आणि चौघांच्या हातात मोबाईल आडवे. बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार. सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झालं, जुलै २०२१ ला हे आलं, वर्षभरानं हे पण ॲपच्या दुकानातनं काढलं, मे २०२३ ला परत आलं, या तारखा त्यांना संमेलनाध्यक्षांपेक्षा चांगल्या पाठ आहेत आणि त्या कुणी विचारलेल्याही नसतात. एकच टीडीएम, म्हणजे दोन टीमची छोटी मॅच, दहा मिनिटं, मग मोबाईल खिशात आणि खाली. मी बघत बसतो. "दादा कव्हर द्या की" म्हणून मला पण घेतलं त्यांनी एकदा, मी पीसीवर माऊसनं खेळणारा, अंगठ्यानं काय जमतंय, पहिल्याच मिनिटाला आडवा. तरी दहा मिनिटात उठायचं हे मी घरी कधी केलेलं नाही, तिथं होतं, कारण सगळेच उठतात.

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली तेव्हापासून हॉलचं वातावरण पण बदललंय, आधी नुसती पानं उलटायचा आवाज, आता निम्मी पोरं घड्याळ लावून उत्तरं लिहीत असतात, खसाखसा. माझ्या डाव्या हाताची मुलगी दीडशे शब्दांत "स्थानिक स्वराज्य संस्थांचे महत्त्व" लिहिते आणि शेवटी शब्द मोजते, मी पण मोजतो. तिनं एकदा माझा आकडा बघून विचारलं, एवढं लिहून तपासतं कोण. मी म्हटलं कोणी नाही. तिला ते फारच वाईट वाटलं.

बाकी बारीकसारीक. पाणी थंड असतं, फिल्टरचं खरं. स्वच्छतागृह मजल्यावर एकच, सकाळी आठला रांग. खुर्च्या प्लास्टिकच्या, मामा म्हणतात गादीच्या घेतल्या की पोरं झोपतात, त्यामुळं आपली उशी आपण न्यायची, नाव घालून. फळी वहीसाठी केलेली आहे, पंधरा इंची लॅपटॉप ठेवला की मनगटं हवेत लोंबतात, तेरा-चौदा इंचीच न्या. मुलींची ओळ वेगळी आहे आणि त्या बाजूचा कॅमेरा नीट चालतो, हे मी माझ्या चुलत बहिणीसाठी विचारून घेतलं होतं. लाईट गेली तर दिवे-पंखे राहतात, एसी आणि वायफाय जातं, एसीच्या फीमधनं काही परत मिळत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चाळीस फुटाकडं सरकायला लागली की गावठाणातली पोरं सामान वर टाकायला घरी पळतात आणि हॉल रिकामा होतो, त्या दिवसांत लिहायला जागा भरपूर असते पण माझंही लक्ष लागत नाही, सगळ्यांच्या मोबाईलवर तोच एक आकडा.

घ्यावी का? तुमच्या घरात स्वतंत्र खोली असेल आणि तुमचं मन स्थिर असेल तर कशाला बाराशे घालवता. कविता लिहीत असाल तरी नको, कवितेला एवढं टेबल लागत नाही. पण लांबचं काही लिहायला घेतलं असेल, गेम आणि ग्रुप सुटत नसतील आणि सोडायचेही नसतील, तर तीन महिने घेऊन बघा. एक महिना घेऊ नका, पहिला महिना नुसता कोण कुठल्या परीक्षेला बसलंय हे कळण्यात जातो. चौकशीला पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यावर जा, त्या आठवड्यात सीट सुटतात, जरा वाईट वाटतं पण तसंच आहे. नॉन एसीतली खिडकीकडची बाजू चांगली, वारा येतो. एसी हॉल घेतलात तर दुसऱ्या ओळीत मधल्या दोन सीट घेऊ नका, बरोबर वर एसीचा पाईप आहे आणि तो ठिबकतो. कीबोर्डवर पडलं तर मामा डिपॉझिटमधनं भरून देत नाहीत, मी विचारलंय.